फांदीने आलेली जास्वंद

पाच पाकळ्यांच्या साध्या लाल जास्वंदीच्या फुलात बी धरण्यासाठी लागणारे सगळे अवयव उघड्यावर, एकेक सुटा दिसेल असे मांडलेले असतात, आणि तरीही घरच्या अंगणातील या झाडाला सहसा फळ धरत नाही, हे रोज सकाळी परडी घेऊन फुले तोडणाऱ्यांच्याही फारसे ध्यानात येत नाही. सर्वांत बाहेर अरुंद हिरव्या पात्यांचे एक कडे असते, त्याला वनस्पतिशास्त्रात अपिसंवर्त म्हणतात. त्याच्या आत पाच टोकांचा हिरवा संवर्त, म्हणजे कळीला झाकून ठेवणारे आवरण. मग एकीची कड दुसरीवर चढलेल्या पाच पाकळ्या. आणि त्यांच्या मधून बोटभर बाहेर आलेली एक नळी. सगळे पुंकेसर बुडाशी जुळून ही नळी बनते, तिच्या वरच्या भागावर पिवळ्या परागांचे बारीक गोळे चहूबाजूंनी फुटलेले असतात, आणि तिच्या पोटातूनच अंडाशयाकडून निघालेला नाजूक धागा वर येऊन टोकाशी पाच मखमली लाल ठिपक्यांत विभागतो. हे ठिपके म्हणजे कुक्षी, म्हणजेच पराग स्वीकारणारी टोके. शाळेत फुलाचे भाग शिकवताना ब्लेडने उभे चिरण्यासाठी हेच फूल आणायला सांगतात, ते या ठसठशीत रचनेमुळेच. ज्या फुलावर मुलांच्या पिढ्या फलधारणा शिकल्या ते फूल स्वतः मात्र संध्याकाळी मिटून, पीळ घालून, देठासकट गळून पडते. देठ पाण्यात ठेवला काय आणि फूल तबकात कोरडे ठेवले काय, त्याच्या आयुष्यात त्याने फरक पडत नाही. त्याला एकच दिवस मिळालेला असतो.

बी नसल्यामुळे जास्वंदीचा वंश फांदीने चालतो. फांदी लावून वाढवलेले झाड म्हणजे मूळ झाडाचाच पुढे चालू राहिलेला देह असतो, त्यात नवा रक्तसंकर काहीच नसतो, आणि म्हणून माहेरच्या परसातून सासरी, तिथून शेजारी, शेजाऱ्याकडून देवळाच्या आवारात गेलेली जास्वंद वेगवेगळ्या घरांत वाढत असली तरी वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ती एकच असते. मोगऱ्याचेही पुष्कळसे असेच आहे. पण मोगरा सुगंधाच्या बळावर मागून नेला जातो, आणि जास्वंदीला वास नाही. तिला मागणी आली ती रंगाची आणि गणपतीची.

कार्ल लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ मध्ये या जातीला दिलेल्या नावात तिला चीनचा गुलाब म्हटले आहे, पण ती चीनच्याही रानात आपसूक उगवलेली सापडत नाही. अलीकडच्या संशोधनाने तिचे धागे प्रशांत महासागरातील बेटांवरच्या जातींशी जोडले आहेत. भारतात ती इतकी जुनी आहे की नवग्रहस्तोत्रात सूर्याच्या कांतीला तिचीच उपमा दिलेली आहे, आणि मलबारचा डच अधिकारी हेन्रिक व्हान ऱ्हीड याने सिद्ध केलेल्या आणि १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापल्या गेलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या बारा खंडांच्या ग्रंथात ती चित्रासह आलेली आहे. त्या ग्रंथासाठी रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोकणी वैद्यांनी माहिती पुरवली आणि त्यांचे निवेदन देवनागरी लिपीत त्यात छापले गेले. फुलझाडांचा इतिहास राजेमहाराजांच्या बागांवरून लिहिण्याची सवय सोडून अशा वैद्यांच्या आणि परसाच्या बाजूने लिहिला जायला हवा.

परसाच्या बाजूने पाहायचे तर जास्वंद कोरड्या मुलखात कशी तगते ते पाहावे लागते, आणि त्यासाठी येडशीचे उदाहरण घेता येईल. हे गाव धाराशिव जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगररांगेवर वसलेले आहे. गावाजवळच्या दरीत रामलिंगाचे मंदिर आहे, रावणाशी झुंजून घायाळ झालेल्या जटायूची अखेर येथे झाली अशी लोकांची श्रद्धा आहे, आणि भोवतालचे सुमारे २२ चौरस किलोमीटरचे रान १९९७ मध्ये येडशी रामलिंग घाट अभयारण्य म्हणून जाहीर झाले. हे रान शुष्क पानगळीचे, म्हणजे उन्हाळ्यात पाने टाकून ओलावा राखणाऱ्या झाडांचे आहे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरच्या जंगलातून निघालेला एक तरुण वाघ डिसेंबर २०२४ मध्ये येथे कॅमेऱ्यात टिपला गेला; एवढी मजल मारून आलेल्या त्या जनावराला निदान आडोसा आणि पाणवठा तरी या रानाने दिला. बेटांवरच्या दमट हवेतून आलेल्या, बारमाही हिरव्या जास्वंदीला मात्र याच रानात कोणी नेऊन सोडले तर ती दुसरा उन्हाळा पाहणार नाही.

जमीनही तिच्या बाजूची नाही. खडकातून झिजून झालेला मुरूम, त्यावर पातळ माती, मधूनमधून चुनखडी आणि त्यावर बोअरचे जड पाणी, अशा ठिकाणी मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही, आणि कोवळी पाने पिवळी पडून त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हा मातीतील चुन्याने वाढलेल्या अल्कधर्माचा परिणाम असतो, आणि तो पारखण्याचे साधन जास्वंदीजवळच आहे. तिची लाल पाकळी चुरून काढलेला रस लिंबाच्या थेंबाने भडक गुलाबी होतो आणि धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात हिरवा पडतो. अशा मातीत कुजलेले शेणखत वर्षातून दोनदा मिसळणे आणि पाने फारच पिवळी पडली तर थोडे हिराकस पाण्यात विरघळवून देणे, यापलीकडे फार खटपट लागत नाही.

खरा प्रश्न पाण्याचा. ज्या भागात वर्षाचा सरासरी पाऊस आठशे मिलिमीटरच्याही खाली राहतो तेथे जास्वंदीची जागा दर्शनी फाटकाशी नसून न्हाणीमागे, अळूच्या आणि केळीच्या शेजारी असते, कारण घरातले पाणी वापरून झाल्यावर तिकडे वाहते. तांदूळ धुतलेले, भाजी निवडून धुतलेले, भांडी शेवटी विसळलेले असे पाणी तिला चालते. पहिल्या धुण्याचे साबणाचे पाणी चालत नाही. या हिशेबाकडे पाहताना एप्रिल २०१६ आठवल्याशिवाय राहत नाही. लातूर शहराला पाणी देणारे धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते, मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी आणि भांडणे होऊ नयेत म्हणून तेथे जमावबंदी लावावी लागली होती, आणि अखेर रेल्वेच्या टाकी असलेल्या वाघिणी राजस्थानातील कोटा येथे वाफेने धुऊन, मिरजेला कृष्णेच्या पाण्याने भरून, लातूरला पाठवण्यात आल्या. पहिली गाडी १० वाघिणींची होती. प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे सगळे मिळून पाच लाख लिटर पाणी घेऊन ती १२ एप्रिलला लातूरला पोचली, आणि पुढे ५० वाघिणींच्या, २५ लाख लिटरच्या गाड्या सुरू झाल्या. हा मार्ग पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, येडशी आणि धाराशिवहून जातो. बार्शी लाइट रेल्वे या कंपनीने १९११ मध्ये लातूरपर्यंत नेलेला तो मूळचा मार्ग ७६२ मिलिमीटर रुंदीचा होता, त्यावरून चालणाऱ्या छोट्या गाडीचे कौतुक आजही जुनी माणसे करतात, आणि ते कौतुक खरे असले तरी मार्ग तेवढाच अरुंद राहिला असता तर एवढे पाणी एका खेपेत नेता आले नसते, हेही तितकेच खरे आहे. येडशीच्या रुळांवरून ते पाणी पुढे जात होते तेव्हा रुळांच्या दोन्ही बाजूंची गावेही टँकरची वाट पाहत होती. अशा वर्षी फुलझाडाला पाणी घालावे का, हा प्रश्न निर्दय वाटत असला तरी विचारायलाच हवा, आणि त्याचे उत्तर न्हाणीमागच्या मातीत आहे. आधी तांदळाला, मग भांड्याला आणि सर्वांत शेवटी झाडाला असे तिसऱ्या वापराचे पाणी कोणाच्या तोंडचे काढून घेतलेले नसते. तेही आटले तर जास्वंद पाने गाळून काटक्यांसारखी उभी राहते; ती मेली असे समजून उपटण्याआधी नखाने साल किंचित खरवडावी, खाली ओले हिरवे दिसले तर ती पावसाला फुटते.

तिचे सगे शेतात आहेत. भेंडी, कपाशी आणि अंबाडी ही सगळी तिच्याच कुळातली, आणि तुरीच्या किंवा ज्वारीच्या कडेने लावलेल्या अंबाडीचे फिकट पिवळे, तळाशी गडद तांबडे फूल हाती घेतले तर तीच पुंकेसरांची नळी, तेच पाच ठिपके दिसतात. मराठवाड्यात अंबाडीचा पाला कण्या घालून शिजवतात आणि वरून लसणाची फोडणी देतात. आंबट पालेभाज्यांत तिची बरोबरी करणारी दुसरी नाही. या नात्याचा एक तोटाही आहे. पिठ्या ढेकूण, म्हणजे कोवळ्या शेंड्यांवर पांढऱ्या पिठासारखा साचून रस शोषणारा किडा, या सगळ्या कुळावर फिरतो, आणि त्याचा गोड स्राव चाटण्यासाठी मुंग्या त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. म्हणून भेंडीच्या वाफ्याला लागून जास्वंद लावू नये, शेंडा पांढरा दिसताच तो तोडून नष्ट करावा आणि बाकीच्या झाडावर निंबोळी अर्क फवारावा.

रोपवाटिकांत आता दोन-तीन रंगांची, ताटलीएवढ्या फुलांची संकरित जास्वंद मिळते. ती देखणी असते, पण तिची मुळे नाजूक, कळ्या गळण्याची खोड मोठी, आणि चुनखडीच्या मातीत ती लवकर खंगते. साध्या लाल जास्वंदीची सर तिला नाही. मृगाचा पाऊस पडून जमीन निवली की गावातील एखादे जुने, खात्रीचे झाड पाहून पेन्सिलीएवढ्या जाडीची जून फांदी मागावी, ती वीतभर कापावी, खालची पाने काढावीत आणि दोन डोळे मातीत जातील अशी सावलीत लावावी. ज्यांच्याकडे असे झाड आहे त्यांनी मागणाऱ्याला एकीच्या जागी दोन फांद्या द्याव्यात, कारण पहिली लागतेच असे नाही.