एक टक्का म्हणजे नेमका किती?

हायझेनबर्गच्या तत्त्वानुसार कणाच्या स्थानातील अनिश्चितता आणि त्याच दिशेतील संवेगाची अनिश्चितता यांचा गुणाकार प्लांक स्थिरांक भागिले ४π, म्हणजे ५.२७ × १०⁻³⁵ ज्यूल-सेकंद, याच्या खाली जात नाही. अकरावीला यावरचे गणित तीन ओळींत सुटते. इलेक्ट्रॉनचा वेग २.२ × १०⁶ मीटर प्रतिसेकंद, अनिश्चितता १ टक्का. म्हणजे २.२ × १०⁴; त्याला ९.११ × १०⁻³¹ किलोग्रॅमने गुणून भागाकार केला, की स्थानातील अनिश्चितता २.६ × १०⁻⁹ मीटर येते. बोर त्रिज्येच्या जवळजवळ पन्नास पट! हा वेग बोरच्या पहिल्या कक्षेतलाच असल्याने तिथे कक्षा रेखाटण्यात अर्थच उरत नाही.

घाटकोपर-मुलुंडच्या क्लासमध्ये याहून झटपट रीत चालते: ५.७९ × १०⁻⁵ पाठ करा आणि वेगातील अनिश्चिततेने भागा. उत्तर बरोबर येते, पण वस्तुमान त्या आकड्यात गडप होते, आणि सारे मर्म वस्तुमानातच आहे. कॅरमचा १५ ग्रॅमचा स्ट्रायकर २ मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटला आणि वेगात तोच १ टक्का धरला, तर उत्तर १.८ × १०⁻³¹ मीटर. अणुकेंद्रकाच्या मानानेही नगण्य. हे ज्याने स्वतः गुणून पाहिले नाही, त्याला तत्त्व भेटलेच नाही.

तीन ओळींची ही सफाई शिकवणाऱ्याला फार प्रिय असते. वर्षानुवर्षे ती फळ्यावर मिरवल्यावर एखादी विद्यार्थिनी विचारते, “सर, हा एक टक्का दोन्ही बाजूंना, की मिळून?” आणि खडू थांबतो. १ टक्का हीच अनिश्चितता मानली तर २.६ नॅनोमीटर. दोन्ही बाजूंचा पूर्ण पल्ला घेतला तर १.३. वेग त्या पल्ल्यात कुठेही सारख्याच शक्यतेने असेल, तर प्रमाण विचलन १ टक्क्याला √३ ने भागून मिळते आणि उत्तर ४.६ वर जाते.

हायझेनबर्गने १९२७ साली केवळ परिमाणाचा अंदाज मांडला होता. ४π असलेली काटेकोर असमानता त्याच वर्षी केनार्डने सिद्ध केली, ती प्रमाण विचलनांसाठी. म्हणून प्रमाण विचलन हाच अर्थ खरा. शिवाय ती असमानता आहे, तेव्हा येणारे उत्तर किमान मूल्य असते. उत्तरपत्रिकेत मात्र ≥ चे बरोबरीचे चिन्ह होते आणि गुण पूर्ण मिळतात. २.६ नॅनोमीटर हे उत्तर ठेवायला हरकत नाही. फक्त त्याआधी १ टक्का हे प्रमाण विचलन धरल्याचे लिहावे, आणि आकड्यामागे ‘किमान’.