जुन्या गाडीचा नवा रेडिओ

गेल्या पावसाळ्यात आमच्या फियाटचा रेडिओ बंद पडला. वस्तू तशी किरकोळ. पण त्या एका रेडिओने आमच्या घरात तीन महिने चर्चा चालवली, नऊशे रुपये पाण्यात घालवले आणि शेवटी आम्हा दोघा नवरा-बायकोला एक धडाही दिला. ज्यांच्या दारात वडिलांच्या वेळची जुनी गाडी उभी आहे आणि खिशात मोजकेच पैसे आहेत, अशा वाचक बंधू-भगिनींच्या उपयोगी पडेल म्हणून हा अनुभव सांगत आहोत.

आमची गाडी १९७४ सालची. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने देशभर ओळखली गेली, पण आमच्या आळीत तिला सगळे फियाटच म्हणतात. मुंबईत हिच्याच जातीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या हजारोंनी धावत. ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्याही रस्त्यावरून गेल्या. आमची मात्र कल्याणला चाळीच्या कडेला अजून उभी आहे.

आबा, म्हणजे आमच्या घरातले वडीलधारे, एका कंपनीत ड्रायव्हर होते. ही गाडी कंपनीने नवी घेतली तेव्हापासून बावीस वर्षे तिचे चाक आबांच्या हातात होते. १९९६ साली ते निवृत्त झाले. कंपनी ती गाडी मोडीत काढणार होती. आबांनी फंडाच्या पैशांतून ती विकत घेतली. घरात तेव्हा खूप बोलणी झाली. छपराचे पत्रे बदलायचे सोडून गाडी कशाला, असे आजी म्हणाल्या. आबा काही बोलले नाहीत. गाडी दारात आणली, आत बसले आणि रेडिओचे बटण फिरवले.

त्या बटणामागची गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. बावीस वर्षे तो रेडिओ आबांच्या हाताशी होता, पण स्वतःच्या मनाने त्यांनी तो एकदाही लावला नव्हता. साहेब मागे बसून सांगत, लाव. मग लावायचा. साहेब सांगत, बंद कर. मग बंद करायचा. तासन् तास गाडी उभी करून वाट पाहायची, तेव्हासुद्धा हात लावायचा नाही. गाडी आपली झाल्यावर आबांनी पहिले काम केले ते हे.

आता आबांचे वय पंच्याऐंशीच्या पुढे आहे. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. गाडी आम्ही आठवड्यातून एकदा फिरवतो. शेजारचे कोणी आजारी पडले की दवाखान्यात नेतो. पण रोज संध्याकाळी आबा भिंतीला धरून गाडीपर्यंत जातात, ड्रायव्हरच्या जागेवर बसतात आणि दोन तास रेडिओ ऐकतात. म्हणून रेडिओ बंद पडला तेव्हा आबांची संध्याकाळच बंद पडली. ते गाडीत जाऊन बसत, पण गप्प.

आम्ही ठरवले, अडीच हजारांच्या आत जे बसेल ते करायचे. त्याहून जास्त घालायची आमची ऐपत नाही, आणि कर्ज काढून रेडिओ घ्यायचा नाही हेही ठरलेले.

पहिला विचार अर्थातच दुरुस्तीचा. लॅमिंग्टन रोडवर रेडिओचे काम करणारे एक जुने कारागीर आम्हाला कोणीतरी सांगितले. रेडिओ काढून पिशवीत घालून लोकलने घेऊन गेलो. त्यांनी तो उघडून पाहिला आणि सरळ सांगितले, "दुरुस्त होईल, पण भाग शोधावे लागतील. अठराशे तरी धरा. आणि दादा, यावर ऐकणार काय? हा मिडियम वेव्हचा आहे."

त्यांचे म्हणणे खरे होते. भारतात एफएमचे पहिले प्रसारण १९७७ साली मद्रासला सुरू झाले. १९७४ च्या रेडिओत एफएम असणार कुठून? आणि गेल्या काही वर्षांत आकाशवाणीची मिडियम वेव्हवरची कितीतरी प्रक्षेपण केंद्रे बंद झाली. अठराशे रुपये घालून रेडिओ जिवंत करायचा आणि ऐकायला काही नाही, असे झाले असते. कारागिरांनी आमच्याकडून तपासणीचे पैसेही घेतले नाहीत.

दुसरा सल्ला आमच्या मुलाचा. तो म्हणाला, मोठा टचस्क्रीन बसवू, त्यात सगळे येते. किंमत बाजूला ठेवली तरी दोन अडचणी होत्या. पहिली मापाची. आजचे साधे कार-रेडिओ एका ठरलेल्या मापाचे असतात. त्यांच्यासाठी सुमारे १८२ मिलिमीटर रुंद आणि ५३ मिलिमीटर उंच खाच लागते. टचस्क्रीनला उंची जवळजवळ दुप्पट लागते. जुन्या रेडिओची तऱ्हा वेगळी. मध्ये लहान चौकोनी तोंड आणि दोन बाजूंना दोन कान. तिथे स्क्रीन बसवायचा तर डॅशबोर्डचा पत्रा कापावा लागतो. कापलेला पत्रा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले, त्यातही गाडीचा सांगाडा आणि इंजिन मुळातले असावे अशी अट आहे. ती नोंदणी आम्ही केली नाही. वीस हजार फी, आणि वर रोजच्या वापराला बंदी. पण मूळ रूपाला किंमत असते एवढे त्यावरून समजले.

दुसरी अडचण मुलाच्या लक्षातच आली नव्हती. आमची थोरली मुलगी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकते. ती भावाला म्हणाली, "आबांना दिसत नाही. सपाट काचेवर ते काय चाचपणार?"

मुलगा ओशाळला. आम्हीही ओशाळलो, कारण दुकानात तो स्क्रीन पाहून आम्हीही क्षणभर भुललो होतो. रेडिओ कोणासाठी घेतोय हेच विसरलो होतो.

तेव्हापासून आमच्या खरेदीची यादी सोपी झाली. फिरवायचे खरे बटण हवे. केंद्रे बदलायला दाबल्यावर बोटाला कळतील अशा कळा हव्यात. एफएम स्वच्छ लागले पाहिजे. पत्रा कापायचा नाही. आणि बॅटरी कमी खाल्ली पाहिजे, कारण आबा इंजिन बंद ठेवून ऐकतात.

पण एवढे ठरवूनही आम्ही फसलो. रस्त्याकडेच्या एका दुकानात नऊशे रुपयांत सेट मिळाला, बसवणे फुकट. अर्ध्या तासात काम उरकले. दहा मिनिटे गाणी वाजली, मग जळका वास आला आणि सेट कायमचा गप्प झाला. दुकानदार म्हणाला, तुमच्या जुन्या वायरिंगचा दोष, आमची जबाबदारी नाही. बिल मागितलेच नव्हते, मग भांडणार कशावर?

मुलीने मीटर लावून कारण शोधले. ते सांगतो, कारण जुन्या गाडीवाल्या प्रत्येकाला ते माहीत असले पाहिजे. जुन्या रेडिओत स्पीकरची एक तार गाडीच्या पत्र्याला जोडलेली असे. एका तारेची बचत होई. आजच्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारा सरळ सेटमधूनच निघतात. त्यांतली एकही पत्र्याला लागता कामा नये. लागली की आतला आवाज वाढवणारा भाग तापतो आणि जळतो. दुकानातल्या पोराने जुनी तार तशीच वापरली होती. म्हणून नवा सेट लावताना स्पीकरपर्यंत दोन्ही तारा नव्या ओढाव्यात. पन्नास रुपयांची तार वाचवायला जाऊन आमचे नऊशे गेले.

दुसरा सेट घेताना घाई केली नाही. फक्त एफएम, यूएसबी आणि ब्लूटूथ असलेला, सीडी नसलेला साधा सेट घेतला. अशा सेटची लांबी कमी असते, त्यामुळे जुन्या गाडीत मागे जागा कमी असली तरी बसतो. किंमत १,४०० रुपये, आणि या वेळी पक्के बिल. खोक्यावर वॅटचे मोठमोठे आकडे छापलेले असतात. त्यांना भुलू नये. तो आकडा क्षणभराच्या कमाल आवाजाचा असतो. एका माणसाला ऐकायला त्याचा लहान हिस्सा पुरतो. एक नवा स्पीकर ३५० रुपयांचा. तार, फ्यूज आणि जोडण्या १५० च्या. लोखंडी पत्र्याची पेटी करून ती डॅशबोर्डच्या खाली जुन्याच भोकांत बसवायला फॅब्रिकेशनवाल्याने २०० घेतले. आमच्या ओळखीच्या वायरमनने ३०० रुपये घेतले आणि मुलीला शेजारी बसवून सगळे काम दाखवले. एकूण २,४०० रुपये. आधीचे नऊशे धरले तर ३,३००. तो हिशेब लपवून उपयोग नाही.

काम सुरू करण्याआधी वायरमनने बॅटरीची कोणती बाजू पत्र्याला जोडली आहे ते पाहिले. काही जुन्या विलायती गाड्यांत धन टोक पत्र्याला असे. त्या गाडीत आजचा सेट तसाच जोडला तर जळतोच. आमच्या गाडीत ऋण टोकच होते. मग बॅटरीजवळ पाच अँपियरचा वेगळा फ्यूज घातला. जुन्या गाडीच्या तारांवरचे वेष्टण तडकलेले असते. फ्यूज नसेल तर रेडिओपायी गाडी पेटायची. एरियल जिथे मडगार्डला बसते तिथला गंज खरवडून पत्रा चकाकता केला, तेव्हा कुठे एफएमची खरखर गेली. इंजिन चालू असताना टकटक येत होती, ती कॉईलच्या स्विचकडच्या टोकाला लहान कंडेन्सर लावल्यावर कमी झाली.

बॅटरीचा हिशेब मुलीने वहीत मांडला. हळू आवाजात सेट साधारण एक अँपियर घेतो. दोन तासांचे दोन अँपियर-तास झाले. केंद्रे लक्षात ठेवण्यासाठी सेट बंद असतानाही जी थेंबभर वीज लागते ती दहा मिलिअँपियर धरली, तर महिन्याला सात अँपियर-तासांच्या आसपास जाते. म्हणून आठवड्यातून एकदा गाडी नीट फिरवायचीच. नुसते दारात इंजिन सुरू ठेवून भागत नाही, कारण जुना डायनॅमो मंद गतीला पुरेसे चार्जिंग करत नाही.

जुना रेडिओ आम्ही फेकला नाही. तो होता तिथेच, डॅशबोर्डच्या मध्ये परत बसवला. दिसायला गाडी जशीच्या तशी राहिली.

सगळे झाल्यावर आबांना बोलावले. ते बसले आणि सवयीने त्यांचा हात सरळ जुन्या बटणावर गेला. त्यांनी ते फिरवले. टक असा आवाज आला. बाकी काही नाही. आम्ही म्हणालो, "आबा, नवा खाली आहे, हात जरा खाली घ्या." त्यांनी हात खाली नेला, चाचपले आणि मागे घेतला. "असू दे," म्हणाले. "तुम्हीच लावून द्या."

ते वाक्य आम्हाला लागले. लावून द्या म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्या मर्जीवर आलेच की.

रात्री मुलगी म्हणाली, "जुन्या बटणातला स्विच अजून चांगला आहे. सेटला दोन तारा असतात. पिवळीतून मुख्य वीज येते, लाल फक्त चालू-बंदचा इशारा देते. लाल तारेतून वीज अगदी थोडी जाते. ती जुन्या बटणातून फिरवून आणली तर?" वायरमनला विचारले. तो हसला आणि म्हणाला, "पोरीने बरोबर ओळखलं. होतंय." जुन्या रेडिओच्या स्विचची तार मोकळी करून नव्या सेटची लाल तार तिच्यातून नेली. पिवळी सरळ बॅटरीवर राहिली, त्यामुळे लावलेले केंद्र पुसले जात नाही. वीस मिनिटांचे काम. वायरमनने पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही मुद्दाम गाडीजवळ गेलो नाही, खिडकीतून पाहत राहिलो. आबा बसले. हात जुन्या बटणावर गेला. टक. आणि बातम्या सुरू झाल्या. आबांनी बटण उलटे फिरवले, रेडिओ बंद. पुन्हा फिरवले, चालू. तीन-चार वेळा त्यांनी तसे केले. मग पाठ टेकून बसले.

बाजारात महाग ते चांगले आणि नवे ते सोयीचे असे सांगणारे पुष्कळ भेटतात. आमचे सांगणे एवढेच की खरेदीला निघण्याआधी, ती वस्तू घरात कोणाचा हात वापरणार आहे ते पाहावे. तो हात पाहिला की यादी आपोआप लहान होते आणि खर्चही. बिल मात्र जरूर घ्यावे. आणि मुलीला शिकवावे. आमच्या घरी एवढे वाद झाले, पण शेवटी उपाय तिच्या वहीतून निघाला.

आता आबा तिला रोज संध्याकाळी हाक मारतात, "ये पोरी, बस." ती शेजारी बसते. कधी बातम्या, कधी जुनी गाणी. बटण मात्र आबाच फिरवतात.