साडेपाच म्हणजे किती?

शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांकडे ‘फिटनेस’ घ्यायला गेलेल्याला उंची विचारली, की नांदेड-लातूरकडे उत्तर येते, ‘साडेपाच.’ म्हणजे पाच फूट सहा इंच. कागदावर त्याचे ५.५ होते आणि पुढचा ते पाच फूट पाच इंच वाचतो. पोलीस भरतीला १६५ सेंटिमीटर लागतात, म्हणून पोरांना उंची तोंडपाठ असते. पण साठीतही माणूस तीच सांगतो. वजन मात्र दोन-तीन किलो खालीच. यात लबाडी नसते. उंची वाढवून आणि वजन घटवून सांगण्याचा हा कल जगभरच्या पाहण्यांत दिसला आहे.

झोपेत श्वास अडकण्याचा विकार हुडकायला टोरांटोच्या फ्रान्सिस चुंग आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ‘स्टॉप-बँग’ ही आठ प्रश्नांची यादी मांडली. तीन होकार आले की सावध व्हायचे, कारण भूल आणि अफूवर्गातली वेदनाशामके घशाचे स्नायू आणखी सैल करतात. त्यात एक प्रश्न उंची-वजनावरून काढलेला बीएमआय ३५ च्या वर आहे का, हा. १६५ सेंटिमीटर आणि ९६ किलोचा बीएमआय ३५.३ येतो, तोच माणूस १६८ आणि ९३ सांगतो तेव्हा ३३. कोणी म्हणेल, आठातला एक गुण गेला तर काय बिघडले? सत्तर किलोवाल्याचे काहीच नाही. पण पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाचे वय आणि लिंग यांचे दोन गुण आधीच झालेले असतात. त्याला हा तिसराच निर्णायक ठरतो.

आपल्याकडे लठ्ठपणा २५ पासूनच धरतात, मग ३५ च्या काठावर एवढी घासाघीस कशाला, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. म्हणूनच गळ्याचा घेर जास्त मोलाचा; मूळ यादीत त्याची मर्यादा ४० सेंटिमीटर आहे. कॉलरचा नंबर सांगून तो कळत नाही, कारण शिंपी दोन बोटे जागा सोडतो. विष्णुपुरीचे शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालय असो की लातूरची विलासराव देशमुख वैद्यकीय संस्था, किनवट-उदगीरहून आलेल्यांच्या रांगेत वेळ कुठला, असेही म्हणता येईल. पण शिंप्याची टेप गळ्याभोवती फिरवायला अर्धे मिनिट पुरते. केसपेपरवर आकड्यापुढे ‘मोजले’ की ‘सांगितले’ एवढे लिहायला त्याहून कमी.

यादीतल्या घोरण्याच्या प्रश्नाचे उत्तर तर घोरणाऱ्याला सहसा ठाऊक नसते. तेव्हा फिटनेसला जाताना त्याच खोलीत झोपणाऱ्या माणसाला सोबत न्या, आणि उंची विचारली तर चपला काढून भिंतीला पाठ लावा.