भाड्याने घेतलेला इतिहास

लीड्स शहराच्या ऐन मध्यातून ब्रिगेट नावाचा रस्ता जातो. 1207 साली गावाला सनद मिळाली तेव्हा या रस्त्याच्या दोन्ही अंगांना लांबट, चिंचोळे भूखंड पाडले गेले. पुढे रस्त्याला लागून दुकानं आली, मागची आवारं बोळ झाली आणि त्या बोळांत पब थाटले गेले. त्यांतला सगळ्यांत नावाजलेला व्हिटलॉक्स. 1715 साली तो ‘टर्क्स हेड’ या नावाने सुरू झाला. 1867 मध्ये त्याचा परवाना जॉन लप्टन व्हिटलॉक यांच्याकडे आला आणि 1886 च्या सुमारास त्यांनी आतली सजावट नव्याने करून घेतली. त्या काळच्या रंगीत टाइल्स, मोठाले आरसे आणि पितळी काम आजही तिथे पाहायला मिळतं. कवी जॉन बेट्जमन यांना ही जागा म्हणजे लीड्सचं काळीज वाटे. व्हिटलॉक कुटुंब या धंद्यातून केव्हाच बाहेर पडलं. दारावर नाव त्यांचंच राहिलं, चालवणारे बदलत गेले.

तिथून पाच मिनिटांच्या अंतरावर, तितका न गाजलेला पण तसाच जुना आणखी एक पब आहे. तो आज एक सातारकर चालवतो. वय चाळिशीच्या पुढे. या पबशी त्याचा संबंध वीस वर्षांचा, आणि दर टप्प्यावर तो वेगळा होता.

पहिली ओळख पोटापाण्याची. 2005 मध्ये तो शिकायला आला. परदेशी विद्यार्थ्याला कॉलेज चालू असताना आठवड्याला वीस तास काम करता येई. त्या वीस तासांत टेबलांवरचे रिकामे ग्लास गोळा करायचे, धुवायचे आणि बारवर मांडायचे. साताऱ्यात एसटी स्टँडजवळ त्याच्या वडिलांची खानावळ होती. उष्टी ताटं उचलायची त्याला लहानपणापासून सवय, त्यामुळे कामाची लाज वाटली नाही. पण फोनवर घरी सांगताना तो ‘हॉटेलात काम मिळालंय’ एवढंच म्हणे. ज्या घरात दारूचा विषय हळू आवाजात निघायचा, तिथे हे कसं समजावणार?

पब म्हणजे काय, हे त्याला तिथल्या दुपारींनी शिकवलं. दोन वाजता एक निवृत्त पोस्टमन यायचा. अर्धा पाइंट घेऊन वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायचा आणि चार वाजता घरी जायचा. एक बाई दर गुरुवारी फक्त सूप घ्यायला यायच्या. 1 जुलै 2007 ला इंग्लंडमधल्या बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानबंदी आली आणि वर्षानुवर्षांच्या धुराने पिवळं पडलेलं छत पहिल्यांदा नीट दिसू लागलं. गिऱ्हाईक तुटेल अशी मालकांना भीती होती. काही तुटलंही. पण पोस्टमन येतच राहिला.

दुसरा टप्पा तळघराचा. ग्लास उचलणाऱ्या मुलाची चिकाटी बघून तेव्हाच्या मॅनेजरने त्याला एक दिवस खाली नेलं. इंग्लंडची ‘एल’ नावाची पारंपरिक बिअर पिपात येते तेव्हा ती जिवंत असते, आतल्या यीस्टचं काम चालूच असतं. नऊ गॅलनच्या पिपाला फर्किन म्हणतात आणि त्यात 72 पाइंट मावतात. पीप आडवं ठेवायचं, मग हलवायचं नाही. वरच्या भोकात आधी मऊ लाकडाची खुंटी ठोकायची, म्हणजे जादा वायू हळूहळू सुटतो. फेस निवळला की तिच्या जागी कठीण लाकडाची खुंटी बसवायची. तळघराचं तापमान 11 ते 13 अंश सेल्सिअस. नळ्या आठवड्यातून एकदा धुवायच्याच. नळ ठोकताना हात बिचकला तर अर्धं पीप अंगावर येतं, म्हणून लाकडी हातोड्याचा एकच घाव, सरळ आणि जोरात. नंतर नमुना काढून उजेडाकडे धरायचा, वास घ्यायचा, घोटभर चाखायचं. बिअर निवळण्यासाठी बरेच ब्रुअर माशाच्या वायुपिशवीपासून केलेला पदार्थ वापरतात, हे त्याला इथेच कळलं. पुढे शाकाहारी गिऱ्हाइकांनी विचारलं की तो ते न लपवता सांगू लागला.

शिक्षण संपलं, त्याला हिशेबनीसाची नोकरी लागली आणि बारच्या आत उभा राहणारा मुलगा बाहेर बसू लागला. जून 2011 मध्ये लीड्सची टेटली ब्रुअरी बंद पडली. 1822 पासून या शहरात तिची बिअर बनत होती. नाव राहिलं, पण पिपं परगावाहून येऊ लागली. त्या आठवड्यात पबमध्ये जो तो टेटलीबद्दलच बोलत होता. कुणाचा बाप तिथे होता, कुणाचा आजा. आपण ज्या गोष्टीला कायमची समजतो तिचा निर्णय दूरच्या एखाद्या कचेरीत होऊ शकतो, हे त्याच्या मनावर तेव्हा ठसलं.

2018 मध्ये त्याच्या पबच्या खिडकीत ‘चालक हवा’ अशी पाटी लागली. त्याने अर्ज केला.

इथून पुढचा भाग आकड्यांचा आहे, आणि तो समजल्याशिवाय जुन्या पबची गोष्ट कळत नाही. इंग्लंडमधले असंख्य पब चालवणाऱ्याच्या मालकीचे नसतात. पूर्वी ते ब्रुअरींचे होते. 1989 च्या सरकारी आदेशांमुळे मोठ्या ब्रुअरींना हजारो पबांवरची पकड सोडावी लागली, आणि त्यांतले बरेच नव्याने निघालेल्या पब-कंपन्यांच्या हाती गेले. चालक त्यांचा भाडेकरू. जागेचं भाडं म्हणजे ‘ड्राय रेंट’. शिवाय बिअर कंपनीकडूनच, बाजारापेक्षा चढ्या दराने घ्यायची. त्या फरकाला धंद्यात ‘वेट रेंट’ म्हणतात. 2016 पासून पब्ज कोड लागू झाला. ज्या कंपनीकडे असे पाचशे किंवा जास्त पब आहेत, तिच्या भाडेकरूला ठरावीक वेळी फक्त बाजारभावाचं भाडं देऊन बिअरच्या बंधनातून सुटण्याचा हक्क मिळाला. हिशेबनीस असल्यामुळे त्याने करारातला शब्दन् शब्द वाचला. सगळ्यांत जड कलम दुरुस्तीचं निघालं. आतून-बाहेरून, छपरापासून गटारापर्यंत सगळी डागडुजी भाडेकरूने करायची.

त्यात इमारत संरक्षित यादीतली. अशा इमारतीत बारचा लाकडी कठडा हलवायचा किंवा नक्षीची काच बदलायची तरी पालिकेची लेखी संमती लागते. संमतीविना केलेलं काम 1990 च्या कायद्याने फौजदारी गुन्हा ठरतं. साधी खिडकी गळायला लागली तर साधा सुतार चालत नाही, जुन्या पद्धतीचं काम जाणणारा लागतो, आणि त्याच्या बिलावर 20 टक्के व्हॅट.

ताबा घेण्याचा दिवस सकाळी सहाला सुरू झाला. जाणारा आणि येणारा, दोघांनी मिळून नेमलेला मोजणीदार आला. त्याने उघड्या पिपांत मोजपट्टी बुडवून किती बिअर उरली ते पाहिलं. प्रत्येक बाटली उचलून पातळी बघितली. खुर्च्या, काटे-चमचे, पडदे, टाचणीपर्यंत यादी झाली. दुपारी रकमेवर सह्या झाल्या आणि पब बंद न होता चालक बदलला. कामगारही त्याच पगारावर, त्याच सेवाकाळासह त्याच्याकडे आले, कारण कायदाच तसा आहे. ज्या बाईंनी त्याला ग्लास कसे पुसायचे ते शिकवलं होतं, त्या आता त्याच्या नोकरीत होत्या. त्याने त्यांना पहिलं काय विचारलं? “सांगा, मी काय बदलू नये?”

पुढच्या वर्षी त्याचे वडील, अण्णा, साताऱ्याहून आले. सहा फुटी आरशासमोर बसून त्यांनी चहा घेतला, मग उठून स्वयंपाकघर, शीतपेटी, गल्ला सगळं पाहिलं. “भाडं किती?” त्यांनी विचारलं. आकडा ऐकून ते काही वेळ बोलले नाहीत. “आणि छप्पर पडलं तर?”

“आपणच करायचं, अण्णा.”

“मग मालक कोण, तू का ते?”

हा प्रश्न त्याच्या डोक्यातून गेला नाही.

तो बारमागे उभा राहू शकतो यामागे बरीच लढाई आहे, याची त्याला जाणीव आहे. 1960 च्या दशकात बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकमध्ये कितीतरी पबांत भारतीयांना काही खोल्यांत बसू देत नसत. पंजाबातून आलेले ओतकाम कामगार अवतारसिंग जौहल यांनी आणि इंडियन वर्कर्स असोसिएशनने त्याविरुद्ध मोहीम उघडली. गोऱ्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन पबांत जायचं, कुणाला दिलं नि कुणाला नाकारलं ते नोंदवायचं आणि परवान्याच्या सुनावणीत ते मांडायचं. फेब्रुवारी 1965 मध्ये जौहल यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स यांना स्मेदिकमध्ये आणलं, तेव्हा ब्लू गेट्स नावाच्या पबमध्ये त्यांनाही नकार मिळाला. त्याच वर्षी सार्वजनिक जागांतला वर्णभेद बेकायदा ठरला. आज त्या टापूत पंजाबी चालकांचे अनेक देसी पब आहेत, तिथे बिअरसोबत तव्यावरचं मिक्स्ड ग्रिल मिळतं. आपल्या पबच्या जिन्यात त्याने जौहल यांचं छायाचित्र लावलं आहे आणि कुणी विचारलं तर तो सविस्तर सांगतो.

20 मार्च 2020 च्या संध्याकाळी कोविडमुळे सरकारने पब बंद करायला सांगितले. तळघरात भरलेली पिपं होती. जिवंत बिअर थांबत नाही. ती गटारात ओतावी लागली. 4 जुलैला दारं उघडली तेव्हा पोस्टमन आला नाही. त्यानंतर विजेची बिलं चढली, मग मजुरी. ब्रिटिश बिअर अँड पब असोसिएशनच्या मोजणीनुसार 2000 साली देशात सुमारे 60 हजार पब होते, आता 45 हजारांच्या आसपास उरले आहेत.

कायदा इमारतीला वाचवू शकतो, तेही कधीकधी जबरदस्तीने. लंडनच्या मेडा व्हेल भागातला कार्लटन टॅव्हर्न 2015 मध्ये मालकांनी परवानगीविना पाडला. पालिकेने तो होता तसा पुन्हा बांधायला लावला आणि 2021 मध्ये तो उघडला. लंडनच्याच नन्हेडमधल्या आयव्ही हाउस या पबला 2012 मध्ये स्थानिक रहिवाशांनी ‘लोकांची मालमत्ता’ म्हणून नोंदवून घेतलं, पैसे उभे केले आणि 2013 मध्ये ते सहकारी तत्त्वावर सुरू केलं. या दोन्ही उदाहरणांनी त्याला बळ येतं. पण विटा उभ्या राहिल्या तरी रोज अकरा वाजता दार उघडणारा माणूस कुठल्या यादीत संरक्षित नसतो. शहर ज्याला आपला वारसा म्हणतं, त्याचं छप्पर भाडेकरूच्या गल्ल्यातून दुरुस्त होतं. हे अन्यायाचं आहे, असं तो पालिकेच्या बैठकीत उभं राहून बोलला आहे. वारशाच्या दुरुस्तीचा भार मालक, भाडेकरू आणि शहर यांनी वाटून घ्यावा, ही त्याची मागणी आहे.

यंदा त्याच्या भाड्याचा फेरविचार आहे. बिअरच्या बंधनातून मोकळं होण्याचा अर्ज त्याने मुदतीत दिला आहे. सोबत पाच वर्षांची दुरुस्तीची बिलं जोडली आहेत. आणखी तीन पबांचे चालक अशाच कागदांसाठी त्याच्याकडे येतात. सोमवारी सकाळी गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलावर तो त्यांचे करार उघडून बसतो आणि दुरुस्तीच्या कलमाखाली पेन्सिलीने रेघ मारून देतो.