घट्ट म्हणजे किती घट्ट?

घट्टपणाविषयी आपल्या मनात उगीचच फार आदर असतो. गाठ घट्ट, झाकण घट्ट, शिस्तही घट्ट. जितके आवळावे तितके पक्के, असे आपण धरून चालतो. या समजुतीला पहिला धक्का मला एका जुन्या जीपने दिला.

हिंगोली १ मे १९९९ रोजी जिल्हा झाला. त्याआधी परभणीहून साहेब यायचे ते जीपमधून. महिंद्रा कंपनीने १९४७ साली विलीस जीपगाड्या भारतात आणल्या आणि पुढे कित्येक वर्षे आमच्या काळ्या मातीच्या रस्त्यांवर जीप दिसली की सरकार आले, असे लोक समजत. तसलीच एक जीप शेजारच्या तरुणाने भंगारातून घेतली. त्याचे वडील, अप्पा, सरकारी जीप चालवता चालवताच निवृत्त झालेले. आता हात कापतात. दसऱ्याला गाडीची पूजा करून त्यांना तीतून औंढ्या नागनाथाला न्यायचे, एवढाच मुलाचा हट्ट.

कुजलेल्या तळाला नवा पत्रा जोडला, रंग झाला, बॉडी चासीवर ठेवली. मुलाने घाईघाईने एका कोपऱ्यातला बोल्ट पार आवळला. आणि मागचा फळका लागेना!

“लेका, सोड सगळे,” अप्पा खाटेवरून म्हणाले. “गाडी सपाट जागी चाकांवर उभी कर. सगळे बोल्ट आधी हातानं लाव. दोन-चार आटे धरले की पुरे.”

खडबडीत रस्त्यावर चासी थोडी पिळवटते. तो पीळ बॉडीला थेट पोचू नये म्हणून मध्ये रबराच्या गाद्या असतात. एकच बोल्ट आधी आवळला तर बॉडी तिकडे ओढली जाते, नवा जोड तडकतो. कोठे फट राहिली तर पातळ चकती सारायची, बोल्टने ओढायचे नाही. बोनेट नि फळका सरळ बसले की तिरपे-समोरचे बोल्ट पाळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. रबर चेपून निर्जीव होईल इतके नव्हे. जूनमध्येच पोरांना आवळणारे मास्तर मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि दिवाळीपर्यंत काय तडकते तेही!

औंढ्याहून आल्यावर, रबर बसल्यावर, पुन्हा एकदा पाना फिरवायचा होता. मुलाने तो बापाच्या हाती दिला नि त्या कापऱ्या हातावर आपला हात ठेवला.

“बस्स,” अप्पा म्हणाले.

पाना आणखी अर्धा फेरा सहज फिरला असता. मुलाने हात तेथेच थांबवला. फळका एका बोटाने लागला.