टेंभलीहून तोरणमाळला

तोरणमाळला निघालेला प्रवासी शहाद्यात चहा घेतो आणि सातपुड्याच्या ओढीने पुढे निघतो. तुम्ही कधी निघालात, तर वाट थोडी वाकडी करून टेंभलीला जावे. शहादा तालुक्यातील हे लहानसे गाव. पर्यटनाच्या पुस्तकात घालावे असे तेथे फारसे काही नाही. मात्र 29 सप्टेंबर 2010 रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत आधार योजनेचा आरंभ येथे झाला आणि याच गावच्या रंजना सोनवणे यांना देशातील पहिला 12 अंकी क्रमांक मिळाला. आपले निवृत्तिवेतन, शिधा आणि बँकेचे खाते ज्या क्रमांकाशी बांधले गेले, त्याचा उगम असा सातपुड्याच्या पायथ्याशी आहे.

त्या क्रमांकामागे बोटांचे ठसे असतात, आणि बोटे म्हातारी होतात. एकदा एका आजीबाईंनी माझ्या टेबलावर दोन्ही पंजे पसरून विचारले, ‘‘डाक्तर, मन्हा बोटेसले काय व्हई गयं?’’ शिधा घेताना यंत्राने त्यांचा ठसा नाकारला होता. झाले एवढेच होते, की पन्नास वर्षे निंदणी-खुरपणी करून आणि राखेने भांडी घासून बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या. वयाबरोबर त्वचा कोरडी आणि सैल झाली होती. हा आजार नव्हे. काही रात्री खोबरेल चोळावे, यंत्रापाशी जाण्याआधी हात कोमट पाण्याने धुऊन कोरडे पुसावेत, दुसरी बोटे लावून पाहावीत. जेथे सोय असेल तेथे डोळ्यांवरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटविण्यास सांगावे. निवृत्तिवेतनासाठीचा हयातीचा दाखला आता घरबसल्या फोनवरून देता येतो. पण बँकेत समक्ष जाऊन कागदावर देण्याची वाटही बंद झालेली नाही. केंद्र सरकारच्या 80 वर्षांपुढील निवृत्तिवेतनधारकांना तर नोव्हेंबरची गर्दी टाळून ऑक्टोबरपासूनच तो देता येतो. आजींना घेऊन जाणाऱ्या नातवाने हे ध्यानात ठेवावे आणि यंत्रापुढे त्यांच्यावर खेकसू नये. घाबरलेल्या माणसाचे हात अधिकच थरथरतात.

टेंभली मागे टाकून आपण घाटाला लागतो. केळी-पपईची शेते संपतात, सागाची झाडे दिसू लागतात. सातपायरी घाटाची वळणे भराभर येतात आणि फोनची रेंज जाते. तोरणमाळला जाण्याचे माझ्या लेखी हे एक कारण आहे. तथापि ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी रेंज जाण्यापूर्वीच थोडी तयारी करावी. ती का, ते सांगतो.

मागे एकदा त्याच घाटात एक गाडी कडेला उभी दिसली. मागच्या आसनावर पंचाहत्तरीचे एक आजोबा घामाने ओलेचिंब होऊन असंबद्ध बोलत होते. मधुमेह आहे, एवढेच मुलाला ठाऊक. औषधांची यादी, तपासण्या, सगळे व्यवस्थित नोंदलेले होते. पण नेटवर, आणि तेथे नेट नव्हते. तेवढ्यात आजींनी कमरेच्या बटव्यातून चार घड्या घातलेला कागद काढला. त्यावर ग्लिमेपिराइडचे नाव होते. मी विचारले, ‘‘सकाळी काय खाल्ले?’’ मुलगा म्हणाला, ‘‘फोनने आठ वाजता आठवण दिली, गोळी वेळेवर घेतली.’’ मी पुन्हा विचारले, तेव्हा आजी म्हणाल्या, ‘‘गाडी लागेल म्हणून न्याहारी वर गेल्यावर करू, असं ठरलं होतं.’’

गोळी पोटात आणि पोट रिकामे! साखर उतरली होती. माणूस शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल, तर अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि मग पोळी-भाकरी खाऊ घालावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. आजोबा सावरले, पण या गोळीचा परिणाम बराच वेळ टिकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून त्यांना वर न नेता खाली रुग्णालयात पाठविले. मुलाला माझा क्रमांक कागदावर लिहून दिला. त्याने सवयीने खिशातून फोन काढला होता.

मी पुढे गेलो. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून 1,100 मीटरांहून उंच. संध्याकाळी यशवंत तलावाकाठी अंगावर शाल लागते. माणसे येथे सावकाश चालतात, कारण घाई करण्याजोगे काही नसते. झोप लवकर येते, हे मी प्रत्येक खेपेस अनुभवतो. त्याचे सगळे श्रेय थंड हवेला देण्याचे मला धाडस होत नाही. घरी रात्री अकरापर्यंत उजळलेला पडदा डोळ्यांसमोर धरून झोपेची गोळी मागणारे माझे रुग्ण मला तेथे आठवतात. त्यांना मी अलीकडे आधी एवढेच सांगतो, की फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. मुलांना रात्री लागलात तर हवेत, म्हणून घंटा मोठी ठेवा.

यंत्रांचा मला राग नाही. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजणारे यंत्र घरात जरूर असावे. पाच मिनिटे पाठ टेकून, न बोलता बसावे, मग मोजावे आणि आकडा वहीत लिहावा. वहीत ‘आज जेवण कमी’, ‘रात्री तीनदा उठले’ असेही लिहिता येते, आणि तपासताना मला बहुतेक वेळा तेच अधिक उपयोगी पडते.

दुसऱ्या दिवशी शहाद्यात उतरलो, तोच त्या मुलाचा फोन आला. त्याने तपासणीचे आकडे एकामागून एक वाचून दाखविले. साखर ठीक होती. ‘‘जेवले का?’’ मी विचारले. थोडा वेळ शांतता. मग फोन आजींकडे गेला.

‘‘अर्धी भाकरी,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आणि वाटीभर वरण. आणखी मागताहेत.’’