शीटमधून गाळलेला कॉलम

कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा असला की मी आधी एक्सेल शीट उघडतो. लॅपटॉप घेताना उघडली, हिंजवडीजवळ फ्लॅट भाड्यानं घेताना उघडली. दोन महिन्यांपूर्वी वजन कमी करण्याचं कुठलं ऑपरेशन करून घ्यायचं हे ठरवायलाही उघडली.

वय २८, उंची १७२ सेंटिमीटर, वजन १२८ किलो. म्हणजे बीएमआय ४३. झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्री नाकावर मशीन लावून झोपतो. शुगर सुरू झालेली. ‘जरा कमी खा, चालायला जा’ हे मला एका रिक्षावाल्यानंही ऐकवलंय, तेव्हा तो भाग गाळतो. डाएट चार वेळा केलं. चारही वेळा उतरलेलं वजन व्याजासकट परत आलं.

शीटमध्ये तीन ओळी होत्या. पहिली स्लीव्ह. यात जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून बाहेर काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, त्यामुळे भूकही मंदावते. दुसरी रू-एन-वाय बायपास. यात जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी पिशवी वेगळी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. उरलेलं जठर आतच राहतं, फक्त अन्न त्याच्याकडे जात नाही. तिसरी मिनी बायपास, त्यात दोनऐवजी एकच जोड.

मला स्लीव्ह हवी होती. खरं तर माझ्या धंद्यातल्या माणसाला उलटं वाटायला हवं. स्लीव्ह म्हणजे बॅकअप न घेता डिलीट. बायपासमध्ये जुनं मॉड्यूल जागेवर ठेवून ट्रॅफिक दुसरीकडे वळवतात. अगदीच वेळ आली तर, अवघड असलं तरी, परत जोडता येतं. पण बायपाससमोर मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं: लोह, कॅल्शियम, बी-१२, ड जीवनसत्त्व, जन्मभर. (गोळ्या स्लीव्हनंतरही लागतात. ते बारीक अक्षरांत.)

फिनलंडमध्ये २४० जणांवर झालेला एक अभ्यास सापडला. पाच वर्षांनी जास्तीच्या वजनापैकी स्लीव्हवाल्यांचं सरासरी ४९ टक्के उतरलं होतं, बायपासवाल्यांचं ५७. एवढ्या फरकासाठी आतड्यांची वायरिंग कशाला बदलायची, अशी टीप मी खाली टाकली आणि शीट घेऊन सर्जनकडे गेलो. आई सांगलीहून आली होती, तीही सोबत.

मॅडमनी शीट नीट वाचली. हसल्या नाहीत, हे विशेष. मग विचारलं, “अ‍ॅसिडिटीचा त्रास?”

“कधीतरी.”

“कधीतरी?” आई म्हणाली. “अरे, उशाशी गुलाबी औषधाची बाटली असते तुझ्या. रात्री उठून पितोस.”

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मी शीटकडे.

मला माहीत होतं. स्लीव्हनंतर बऱ्याच जणांची छातीतली जळजळ वाढते, बायपासनंतर बहुतेकदा कमी होते, हे मी वाचलं होतं. स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासाचा आकडाही पाठ होता: जळजळ वाढण्याचं प्रमाण स्लीव्हमध्ये ३१.८ टक्के, बायपासमध्ये ६.३. तो कॉलम मी केलाच नव्हता. केला असता तर स्लीव्ह पहिल्याच फेरीत बाद झाली असती. ऑफिसात कुणी असा डेटा गाळला असता तर मी त्याची मीटिंगमध्ये सालटी काढली असती.

कारण वायरिंग नव्हतंच. कारण होता बाबांचा प्लॅस्टिकचा डबा. सकाळ, दुपार, रात्र असे तीन खण. पंधरा वर्षांची शुगर त्या डब्यात भरलेली असते. जेवायला बसले की आधी तो उघडण्याचा आवाज येतो. मला अठ्ठाविसाव्या वर्षी तो आवाज माझ्या घरात नको होता.

एंडोस्कोपी झाली. अन्ननलिका खालच्या बाजूला सोललेली आणि छोटा हर्निया. मिनी बायपासमध्ये पित्त वर येण्याची भीती असते, म्हणून तीही बाद. उरली रू-एन-वाय. मॅडमनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. गुडघ्यांसाठी घेतो त्या पेनकिलर बंद, जोडाजवळ अल्सर होतो. गोड खाताना जपून, नाहीतर घाम, धडधड आणि जुलाब. आईनं बाकी सगळं ऐकून घेतलं. फक्त श्रीखंडाबद्दल दोनदा विचारलं.

रात्री बाबांना फोन केला. शीटची भानगड सांगितली, डब्याचं सांगितलं नाही. आईनं बहुधा सांगितलं असावं.

“बी-१२ मीसुद्धा घेतो,” ते म्हणाले. “शुगरच्या गोळीनं ते कमी होतं. त्यात काही नाही. येताना तुला डबा आणतो.”

ऑपरेशनला नऊ दिवस आहेत. सध्या नुसतं पातळ चालू आहे. डाएटिशियननं सांगितलंय, लोह आणि कॅल्शियम एका वेळी घ्यायचं नाही, मध्ये किमान दोन तास सोडायचे. मी बाबांना मेसेज टाकला, तीन खणांचा पुरणार नाही, चारचा बघा.